आईच्या ताटातली माणसं

माझ्या हातून आयुष्यात फार मोठं काही झालेलं नाही. पुरस्कार नाही, पुस्तक नाही, आदर्श शिक्षिका म्हणून शाल-श्रीफळही नाही. ते मिळवायला ज्यांच्या पुढेपुढे करावं लागतं त्यांच्याशी माझं कधी पटलंच नाही. पण एक काम मी असं केलं आहे की ते मी कुणालाही, कुठेही, छाती पुढे काढून सांगते. मी एक गाव मोजलं. दोनदा मोजलं. पहिल्यांदा साफ चुकलं. दुसऱ्यांदा मात्र असं मोजलं की चूक काढायला आलेल्या माणसाला माझ्या यादीत बोट ठेवायला जागा मिळाली नाही.

गावाचं नाव सांगणार नाही. माणसांचीही नावं यात नाहीत. जनगणनेला गेलेल्या माणसानं ऐकलेलं स्वतःपाशी ठेवायचं असतं, असं आम्हाला शिकवलं होतं, आणि नोकरी संपली म्हणून तो नियम संपतो असं मला वाटत नाही.

१९९९ साली माझी पहिली नेमणूक त्या गावी झाली. मी फुलचूरची, म्हणजे जवळजवळ गोंदिया शहराचीच. आमच्या घरी निम्मं बोलणं हिंदीत, भांडण तर पूर्ण हिंदीत. सकाळी बल्लारशाच्या गाडीनं सौंदडला उतरायचं, स्टेशनाजवळ ओळखीच्या दुकानात ठेवलेली सायकल काढायची आणि धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, आत जायचं. पुढे पुढे मी सौंदडलाच खोली केली. गाव लहानसं होतं. एका अंगाला शेतमालकांचा मोहल्ला आणि मारुतीचं देऊळ, दुसऱ्या अंगाला बौद्ध मोहल्ला आणि पत्र्याचं विहार, दोन्हींच्या मधोमध आमची दोन खोल्यांची शाळा. गावापुढे नाला आणि नाल्यापलीकडे मोठं गाव. ग्रामपंचायत, रेशनचं दुकान, अंगणवाडी, जे काही सरकारी होतं ते सगळं पलीकडे.

नोकरीला दोन वर्षं होत नाहीत तोच जनगणनेची ड्युटी लागली. तालुक्याला प्रशिक्षण होतं. मी मागच्या बाकावर बसून चौथीच्या वह्या तपासल्या. माणसं मोजायला कसलं आलंय प्रशिक्षण, असा माझा तोरा होता. नंतर त्या तोऱ्याची मला फार लाज वाटली, म्हणून तो आधीच सांगून टाकते.

गावात फिरताना माझ्याबरोबर कोतवाल होता. पिकल्या मिशांचा, गावातल्या प्रत्येक घराची चूल माहीत असलेला माणूस. पहिल्या दोन-तीन घरांत माझं पुस्तकी मराठी ऐकून बायका पदर तोंडाला लावून हसल्या, पण उत्तर देईनात. तेव्हा कोतवालानं मला बाजूला घेतलं.

"म्याडम, तुमी 'कुटुंबात सदस्य किती' असं पुसान तं हे बाया तुमच्या तोंडाकडे पाहून राह्यतीन. 'घरी जेवनारे किती' पुसा. धडाधडा सांगतेत का नाई पाहा."

आणि खरंच, बायका धडाधडा सांगू लागल्या. त्या गावात भात मुठीनं मोजून टाकायची रीत होती. माणशी अमुक मुठी तांदूळ, पाहुणा आला की त्याच्या वाढीव. त्यामुळे घरात जेवणारे किती, हे बाईला झोपेतून उठवून विचारलं तरी ती सांगेल. "सात." "पाच." "नऊ, आन एक सालदार." आधी आकडा घ्यायचा, मग तेवढ्या जणांची नावं-वयं लिहायची, आणि आकडा भरला की पुढच्या दारी. सगळ्या केंद्रात माझं काम सर्वांत आधी संपलं. शिवाय मी एक चोरी पकडली. एका शेतमालकाचा सालदार, म्हणजे सालाच्या बोलीवर ठेवलेला गडी, दुपारी मालकाकडे जेवायचा आणि रात्री स्वतःच्या घरी, म्हणून दोन्ही घरांनी त्याला आपापल्यात धरलं होतं. मी त्याला एका घरातून खोडला आणि स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेतली.

त्याला दोनदा जेवताना मी पकडलं, आणि जे जेवतच नव्हते ते सगळे माझ्या हातून सुटले. पण ते कळायला दोन-तीन वर्षं जावी लागली.

त्या दिवशी मी दुसरीला बेरीज शिकवत होते. बौद्ध मोहल्ल्यातली एक बाई दारात येऊन उभी राहिली. माझ्याच वयाची असेल. मजुरी करणारी, सातवी शिकलेली, सडसडीत, आवाज असा की बांधीच्या या टोकावरून त्या टोकाला सहज जावा. एका हातात चुरगळलेला अर्ज होता आणि दुसऱ्या हातात चार वर्षांची मुलगी.

"म्याडम," ती म्हणाली, "तुमी गाव मोजलं तवा माझी पोट्टी कुठी गेली होती?"

मला काही कळेना. तिनं सगळं सांगितलं. गावात अंगणवाडी हवी म्हणून तिनं दोन्ही मोहल्ल्यांतल्या बायकांच्या सह्या आणि अंगठे घेतले होते. रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे बांधीत धानाची रोपं लावायची तेव्हा, गावातली झाडून सगळी बाईमाणसं गुडघाभर चिखलात असतात. नाल्याला पूर असतो, पलीकडच्या अंगणवाडीत लहान लेकरू नेता येत नाही. मग लेकरं धुऱ्यावर, बांधीच्या त्या हातभर रुंद काठावर, छत्री रोवून तिच्याखाली निजवायची. मागच्या पावसाळ्यात हीच मुलगी झोपेत कूस बदलताना बांधीतल्या पाण्यात पडली होती. आईची नजर वेळेवर गेली म्हणून वाचली. त्या दिवसापासून ही बाई अंगणवाडीच्या मागे लागली होती. ती अर्ज घेऊन तालुक्याला गेली, तर तिथल्या बाबूनं एक छापील पुस्तक उघडून तिच्यासमोर धरलं.

"बाबू म्हन्ते, तुमच्या गावात तं बारके पोट्टेच नाईत. जे दोन-चार आयेत त्याहिच्यासाठी कायले अंगनवाडी? मी म्हनलं, साहेब, हे काय माझ्या हाताले धरून हाये ते? थो म्हन्ते, पुस्तकात नाई."

माझा राग नाकावर असतो, तो चढलाच. मी म्हटलं, "तुझ्या घरी मी स्वतः आले होते. तू स्वतःच्या तोंडानं चार म्हणालीस. मी चार लिहिले."

"चारच जेवत होतो ना म्याडम. मी, हे, सासू आन थोरला. पोट्टी तं माझ्या ताटात जेवे."

हातातला खडू मी टेबलावर ठेवला. मी हळूच विचारलं, "मग तिच्या वाटची मूठ?"

"आईच्या ताटात जेवनाऱ्याची कोनी मूठ टाकते का?" ती म्हणाली. माझ्या अडाणीपणाची तिला खरोखर कीव आली असावी.

अंगावरचं पिणारं लेकरू तर जेवणारच नाही. उष्टावण झालं तरी चार-पाच वर्षांपर्यंत ते आईच्याच ताटात जेवणार. त्याच्या नावची मूठ पडायला लागली की मगच ते घरातल्या आकड्यात यायचं. ही रीत पिढ्यानपिढ्यांची होती आणि तिच्यात काही वाईट नव्हतं. त्या बायकांना मी जे विचारलं त्याचं त्यांनी अगदी खरं उत्तर दिलं होतं. चुकीचा प्रश्न विचारणारी मी होते. वह्या तपासत बसले नसते तर "नुकतं जन्मलेलं मूलसुद्धा लिहा" हे वाक्य प्रशिक्षणात माझ्या कानावर पडलं असतं. मी एका गावाची सगळी लहान मुलं कागदावरून पुसून टाकली होती, आणि त्यातली एक माझ्यासमोर उभी राहून माझ्या टेबलावरचा खडू खात होती.

मी तिथेच त्या बाईची माफी मागितली. मुलांसमोर. आयुष्यात मी फार कमी वेळा माफी मागितली आहे, हे माझ्या घरचे सांगतील. तिनं ती घेतलीही नाही आणि नाकारलीही नाही. "मंग आता काय कराचं ते सांगा," एवढंच म्हणाली.

मी करून पाहिलं सगळं. अर्ज लिहिले, तालुक्याला खेटे घातले, माझी चूक मी माझ्या सहीनं कबूल केली. सगळीकडे एकच उत्तर मिळालं. एकदा झालेली जनगणना झाली, आता पुढची होईल तेव्हा. म्हणजे आणखी सात-आठ वर्षांनी. आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही.

मधल्या वर्षांत आम्ही आमच्यापरीनं निभावलं. रोवण्याच्या दिवसांत मी शाळेच्या दुसऱ्या खोलीत लेकरं ठेवून घ्यायची. पहिलीच्या पाढ्यांत शेजारच्या खोलीतलं रडणं मिसळायचं, कुणी रांगत येऊन पाटी चाटायचं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं की पटावर नसलेली ही मुलं शाळेत काय करतात. मी म्हटलं, "ही कुठल्याच पटावर नाहीत, साहेब. माझ्यामुळे नाहीत." त्यांनी मला लेखी ताकीद दिली आणि खोली बंद झाली. लेकरं परत धुऱ्यावर गेली. ती बाई दर पावसाळ्यात शाळेवरून रोवण्याला जाताना थांबायची आणि विचारायची, "किती वर्सं रायली, म्याडम?" मी सांगायची. बोलण्यात टोमणा नसायचा, पण मला तो लागायचा.

२०११ ची जनगणना आली तेव्हा आमच्या केंद्रातले निम्मे शिक्षक ड्युटी रद्द करून घेण्याच्या मागे होते. कुणाची कंबर दुखत होती, कुणाच्या घरी लग्न होतं. मी अर्ज केला की मला ड्युटी द्याच, आणि तेच गाव द्या. तालुक्यातला बाबू अर्ज उलटसुलट करून पाहत राहिला. असा अर्ज त्यानं पहिल्यांदाच पाहिला होता. या वेळी प्रशिक्षणात मी पहिल्या बाकावर बसले आणि इतके प्रश्न विचारले की शिकवणाऱ्यांनी शेवटी हात टेकले.

फेब्रुवारीत मी गावात शिरले. कोतवाल आता राहिला नव्हता. ती बाई म्हणाली, मी येतो बरोबर. दारापर्यंत यायची, मी कशाला आले आहे ते घरच्या बाईला तिच्या बोलीत सांगायची आणि अंगणाबाहेर जाऊन उभी राहायची. आत काय बोलणं झालं ते मला कधी विचारलं नाही. मी उंबऱ्यावर बसायची आणि पहिला प्रश्न टाकायची, "घरात सगळ्यांत लहान कोण?"

सारी उलटापालट झाली. आजवर प्रत्येकानं कर्त्या पुरुषापासून मोजायला सुरुवात केली होती आणि खाली येता येता कंटाळून थांबला होता. मी पाळण्यापासून सुरुवात केली आणि वर चढत गेले. बायकांना गंमत वाटायची. "हे काय पुसनं झालं व माय," म्हणत त्या आत जायच्या आणि काखेत एक, कडेवर एक घेऊन बाहेर यायच्या. कुणी "नाही कोणी लहान" म्हटलं की मी दोरीवरच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहायची. तिथे वीतभर झबलं दिसलं की पुन्हा विचारायची.

शेतमालकांच्या मोहल्ल्यात एक म्हातारी अडून बसली. मोजलं की लेकराला नजर लागते, तिच्या सासूनं कधी मोजू दिलं नाही, ती पण देणार नाही. मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पिशवीत काजळाची डबी घेऊन गेले. आधी लेकराच्या गालाला तीट लावली, मग नाव लिहिलं. म्हातारीचं समाधान झालं. ही बातमी माझ्याआधी बौद्ध मोहल्ल्यात पोचली. तिथे एक तरुण आई म्हणाली, "आमच्यात असं काई नसते, म्याडम. पर लावून द्या, चांगली दिसते." मग मी सगळ्यांनाच लावली. गावातल्या प्रत्येक मोजलेल्या लेकराच्या गालावर काळा ठिपका, आणि फॉर्मवर ठिकठिकाणी माझ्या बोटांचे काळे डाग.

एका गोष्टीवरून त्या बाईचं आणि माझं कडाक्याचं भांडण झालं. काही कुटुंबं दिवाळीनंतर नागपूरला बांधकामावर गेली होती. दारांना कुलपं होती, आणि माघारी येईपर्यंत मार्च उलटणार होता. त्यांची लेकरंही त्यांच्याबरोबरच होती.

"ते बी आपलेच होत," ती म्हणाली. "लिवून टाका. कोन पाहाले येते?"

"ते जिथे आहेत तिथे मोजले जातील. इथे लिहिता येणार नाहीत."

"तिथी मोजतीन कोन त्याहिले? सिमेंटच्या गोण्या मोजतेत तिथी, मानसं नाई."

ती खरं बोलत होती, आणि तरी मी लिहिलं नाही. एकदा खोट्या आकड्यानं या गावाचं वाटोळं केलं होतं, दुसरा खोटा आकडा मला लिहायचा नव्हता, तो आमच्या फायद्याचा असला तरी. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर झाली.

तिचं घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ती मुलगी आता पाचवीत होती, नाल्यापलीकडच्या शाळेत जायची. मी फॉर्म मांडीवर घेतला आणि पहिल्याच ओळीत तिचं नाव लिहिलं. मुलीनं वाकून पाहिलं आणि माझ्या अक्षराचं कौतुक केलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या आईनं मात्र ती ओळ बोटानं दोनदा वाचली आणि चुलीकडे तोंड करून बसली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते मी काजळावर ढकललं.

महिनाअखेर काम संपलं. मार्चच्या पहिल्या तारखेला पुन्हा एक फेरी करायची होती, फेब्रुवारीच्या शेवटच्या रात्री बारापर्यंत कुणी जन्मलं असेल किंवा गेलं असेल तर तेवढी दुरुस्ती करायला. तीही झाली. मी गठ्ठा पर्यवेक्षकांकडे दिला. ते पलीकडच्या गावातले हायस्कूलचे सर होते. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला लाल पेन, गणिताचे. त्यांनी पानं उलटली, मागच्या वेळचा आकडा पाहिला, पुन्हा पानं उलटली.

"बाई, या गावात दहा वर्षांत काय झालं? एवढी लहान मुलं?"

"दहा वर्षांत काही झालेलं नाही, सर. ती आधीही होती. मी लिहिली नव्हती."

त्यांनी पेन टेबलावर आपटलं. "तुम्ही त्या अंगणवाडीसाठी किती खेटे घातलेत ते मला ठाऊक आहे. तुमच्याबद्दल आदर आहे माझ्या मनात. पण फुगवलेल्या यादीवर मी सही करणार नाही. वरून विचारणा झाली तर जाब मला द्यावा लागेल."

फुगवलेली! कुलपं लावलेल्या घरांतली लेकरं ठाऊक असताना सोडून देणाऱ्या मला हा माणूस असं म्हणत होता. माझं डोकं असं तापलं की कानशिलं ठणकली. पण आवाज न चढवता मी म्हटलं, "परवा सकाळी शाळेत या. सहा वर्षांपर्यंतची सगळी तिथे असतील."

गावात येऊन मी त्या बाईला सांगितलं. तिनं पदर खोचला आणि निघाली. कोणत्या दारी काय बोलली मला माहीत नाही. परवा सकाळी मी शाळेवर पोचले तर व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही मोहल्ल्यांतल्या बायका एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. बारा वर्षांत मी हे त्या गावात पाहिलं नव्हतं. लग्नातसुद्धा नाही. काखेत, मांडीवर, पाठीला बांधलेली, खांबाला धरून उभी राहिलेली लेकरंच लेकरं होती.

सरांनी मोटारसायकल उभी केली आणि मोजायला लागले. मध्यावर आले तोच दोन पोरं रांगत जागा बदलून बसली. पुन्हा पहिल्यापासून. या वेळी एकानं त्यांच्या चकचकीत बुटावर शी केली. बायका हसल्या नाहीत, पण कशा हसल्या नाहीत ते त्यांचं त्यांना माहीत. शेवटी ती बाई उठली.

"सर, तुमी फळ्याजवळ उभे राहा. मी एकेक आनतो. तुमी रेघ मारा."

एकेक आई फळ्यासमोरून पुढे गेली. सर रेघ मारत होते, पाच झाल्या की आडवी. मी हातावर हात ठेवून उभी होते. शेवटची रेघ मारल्यावर सरांनी सगळ्या रेघा मोजल्या, माझा कागद काढला आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते हसू मला मुळीच आवडलं नाही.

"जमत नाही, बाई. तुमच्या यादीत एक कमी आहे. इथे एक जास्त निघालं. म्हणजे आता तुम्हीच सांगा, यादी घरोघरी जाऊन केली की घरी बसून?"

मी व्हरांड्याकडे पाहिलं आणि मला कळलं. मागच्या कोपऱ्यात ती नजर लागण्याच्या भीतीची म्हातारी बसली होती आणि तिच्या पदराखाली मूठभर बोचकं होतं. तिच्या नातवाचा मुलगा. दोन दिवसांचा. बाळंतिणीच्या खोलीतून सव्वा महिना बाहेर काढायचं नसतं असं लेकरू ती स्वतः घेऊन आली होती.

मी काही बोलायच्या आतच म्हातारी कडाडली. "थो माझा हाये! याच म्याडमनं नाई लिवला! मी केवढी भांडली. म्हनलं, काजळ लावते आन लिवत काऊन नाईस? थे म्हन्ते, आजी, हा दोन तारखेले झाला, नियमात नाई बसत. दोन दिवसांचं लेकरू काय नियमात बसते गा? त्याले बसताच नाई येत!"

सगळा व्हरांडा हसला. सर हसले नाहीत. ते फळ्याकडे पाहत राहिले, मग माझ्या कागदाकडे, मग त्या बोचक्याकडे. खिशातून रुमाल काढून त्यांनी हाताचा खडू पुसला. फुगवणाऱ्या बाईनं हातात आलेलं एक लेकरू सोडून दिलं होतं, ते केवळ दीड दिवस उशिरा आलं म्हणून. ही गोष्ट गणिताच्या मास्तरांना समजावून सांगावी लागली नाही.

त्यांनी शाळेच्या टेबलाशी बसून प्रत्येक पानावर सही केली. शेवटच्या पानावर थांबले.

"बाई, तुम्ही पहिला प्रश्न नेमका काय विचारलात?"

मी सांगितला.

"आमच्या गावी आम्ही कर्त्यापासून सुरू केलं," ते म्हणाले. आवाज खाली गेला होता. "मला वाटतं, आज दुपारी मला आणखी एकदा फिरावं लागेल. दुरुस्तीला अजून वेळ आहे." आणि ते खरंच फिरले, हे मला नंतर त्यांच्या बायकोनं सांगितलं. घरोघर जाऊन, तो शी लागलेला बूट धुऊन.

त्या दिवशी मी सायकल घेतली आणि सौंदडपर्यंतच्या रस्त्यात कुणी नाही असं पाहून मोठ्यानं गाणं म्हटलं. मला गाता येत नाही.

पुढचं काम कागदांचं होतं, त्याला दोन-अडीच वर्षं लागली. नवा आकडा छापून आला, त्या बाईनं नवा अर्ज लिहिला, आणि या वेळी तालुक्याच्या बाबूनं पुस्तक उघडल्यावर तिनंच त्यात बोट ठेवून दाखवलं. अंगणवाडी मंजूर झाली. विहार आणि देऊळ यांच्यामधली एक खोली मिळाली. रोवणा तोंडावर होता, म्हणून घाईघाईनं उद्घाटन ठरलं. तालुक्याहून साहेब यायचे होते. ते उशिरा आले, तोवर बायका वाट पाहून पाहून लेकरं आत बसवून मोकळ्या झाल्या होत्या. कामाचे दिवस, साहेबासाठी कोण थांबतं?

साहेब दारात आले आणि तिथेच अडकले. खोलीत लेकरं भिंतीपासून भिंतीपर्यंत बसली होती, पाऊल टाकायला फरशी शिल्लक नव्हती. रिबीन कुणीतरी आधीच तोडली होती आणि ती एका पोराच्या तोंडात होती. साहेबांनी चौकटीला धरून आत वाकून पाहिलं, मग मागे वळून आम्हा बायकांना विचारलं, "ही सगळी याच गावची?"

मी उत्तर देणार होते. पण ती बाई माझ्यापुढे झाली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला, आणि बांधीच्या त्या टोकाला जाणाऱ्या आवाजात म्हणाली, "याच गावचे होत, साहेब. आन मोजलेले होत."